एका मात्रेचे नातलग

कूलनाग्रे, स्लायगो परगणा, आयर्लंड
८ फेब्रुवारी १९९५

मॉन्ट्सेरात बेटावरील प्लिमथ गावचे श्रीयुत ओ'गारो (अथवा घरातले जे कोणी कर्ते पुरुष असतील ते) यांस,

आपली ओळख नाही, पण रक्त एक आहे, म्हणून प्रस्तावना करत बसत नाही. मी फिन्टन ओ'गारा, जमिनींचा निवृत्त लिलावदार आणि 'ओ'गारा कुलबंधू मंडळा'चा मानद चिटणीस. तुमच्या बेटाच्या टेलिफोन यादीत आपलं आडनाव दिसलं, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एवढ्याशा बेटावर आणि इतके ओ'गारो!

आपण कोण, हे आपल्याला ठाऊक असेलच, नसल्यास सांगतो. आपण या मुलखाचे राजे. तळ्याला आजही आपलं नाव आहे. तळं मात्र सरकारचं आहे. क्रॉमवेलच्या इंग्रज शिपायांनी गढी घेतली आणि कुळाची दाही दिशांना पांगापांग झाली. कुणी स्पेनच्या फौजेत सरदार झाले, कुणी शिकागोच्या पोलिसांत. ऑस्ट्रेलियाला गेलेले ज्या कारणाने गेले, ते आम्ही छापत नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जगभरच्या ओ'गारांचा महामेळावा भरवत आहोत. अध्यक्ष आहेत शिकागोचे श्री. डेनिस ओ'गारा, ज्यांच्या बरणीतल्या काकड्या अर्धी अमेरिका खाते. मेळाव्याचं ब्रीदवाक्य मी स्वतः रचलं आहे: "ज्याचं नाव ओ'गारा, त्याची इथली चूल पेटलेली."

कृपया कळवावं: आपले पूर्वज तिथे सुभेदार म्हणून गेले की नुसते सैन्याधिकारी म्हणून? घराण्यात लाल केस टिकून आहेत का? सतरा मार्चला आपल्या आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा दिवस पाळता ना? आणि आडनावाच्या शेवटी काना असायला हवा, तिथे यादीत मात्राही पडली आहे. छापणाऱ्याची चूक असावी. एखादा कौटुंबिक फोटो पाठवल्यास उपकार होतील.

आपला कुलबंधू,
फिन्टन ओ'गारा

*

प्लिमथ, मॉन्ट्सेरात
१४ मार्च १९९५

श्री. फिन्टन ओ'गारा यांस,

तुम्ही घरातला कर्ता पुरुष विचारलात. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी आई केझाया. पोस्टमनने विचारलं, "पत्र कुणाला देऊ?" आई म्हणाली, "पुरुष सापडेपर्यंत माझ्याकडे दे." म्हणून उत्तर मी लिहिते आहे. माझं नाव यूडोरा. बंदराजवळ माझं शिवणकामाचं दुकान आहे. या बेटावर लग्न, बारसं किंवा मयत माझ्या सुईखालून गेल्याशिवाय होत नाही.

यादीत चूक नाही. आम्ही ओ'गारोच, मात्रेसकट. आई म्हणते, मात्रा तुमच्याकडूनच कुठेतरी पडली असणार. माणसं फार घाईने निघाली की काही ना काही मागे राहतंच.

सतरा मार्चची आम्हाला सुट्टी असते. बकऱ्याचा रस्सा शिजतो, गाणी होतात. ती सुट्टी कशाची, ते मात्र तुम्हाला वाटतं त्याहून वेगळं आहे. पुढे सांगेन. लाल केस माझ्या एका मावशीला होते, पण ते बाटलीतून येत आणि पावसात जात.

फोटो पाठवते. मोठ्या मामांच्या सत्तरीला चर्चच्या अंगणात काढलेला. बघा कोण ओळखू येतं ते.

यूडोरा ओ'गारो

*

कूलनाग्रे
९ मे १९९५

प्रिय यूडोराताई,

फोटो मिळाला. मंडळाच्या सभेत सर्वांनी तो हातोहात पाहिला. तुमच्याकडचं ऊन फारच कडक दिसतं.

मागच्या रांगेत झाडाला टेकून उभे असलेले उंच, गोरे गृहस्थ पाहताच मी टेबलावर थाप मारली. म्हटलं, "हे बघा ओ'गारांचं कपाळ! तीनशे वर्षं उन्हात राहूनही तसूभर हललं नाही." ते आपले बंधू की चुलते? त्यांचं नाव आणि त्यांचा जन्म कुठला ते कळवावं. शिकागोचे अध्यक्ष त्यांना स्वतः पत्र लिहिणार आहेत.

आपण आणि मातोश्री मात्र फोटोत कुठे आहात ते समजलं नाही. बाकीची मंडळी घरची नोकरमाणसं असावीत. त्यांना मालकांबरोबर फोटोत उभं केलंत, हा आपल्या कुळाचा मूळचाच मोठेपणा.

आपला,
फिन्टन

*

प्लिमथ
२० जून १९९५

श्री. फिन्टन,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी रागावून लिहायला बसले होते, ती म्हणाली, "रागावू नकोस, सविस्तर सांग. त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

तर सांगते. झाडाला टेकलेले गृहस्थ मिस्टर पिकरिंग. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतात, पावसाची मोजमापं करतात. ते कपाळ इंग्रज आहे, लीड्सचं. त्यांना बोलावायचं असेल तर बोलवा, पण त्यांना तुमचा मुलूख नकाशातही सापडणार नाही. फोटोतले बाकी झाडून सगळे ओ'गारो आहेत. पहिल्या रांगेत टोपीवाली ती आई, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी ती मी. नोकर कुणीच नाही.

आता आमचे पूर्वज. सुभेदार नव्हते. तुमच्या गढीतून क्रॉमवेलच्या लोकांनी धरून आणलेला एक ओ'गारा इथे तंबाखूच्या मळ्यात राबायला आला. पाठीवर वळ घेऊन मुदत संपेपर्यंत राबला, सुटला, त्याने जमीन केली, ऊस लावला. आणि मग माणसं विकत घेतली. ज्याच्या पाठीवर वळ होते त्याच माणसाने ती घेतली, फिन्टन. त्यांतली एक फिबा नावाची बाई. आम्ही तिचे. आडनाव त्याने आम्हाला प्रेमाने दिलं नाही. गुलामी सुटली तेव्हा नाव सांगायची वेळ आली, आणि इतकी वर्षं ज्याच्या नावाने हाका मारल्या गेल्या तेच सांगितलं. आमच्या तोंडी ते जसं बसलं होतं तसं, मात्रेसकट.

आणि सतरा मार्च. त्या दिवशी मालक पिऊन आडवे होतील, हे हेरून इथल्या गुलामांनी उठाव ठरवला होता. बातमी फुटली. नऊ जण फासावर गेले. सुट्टी त्यांची आहे.

मेळाव्याला यायचं की नाही ते आता तुम्ही मला सांगा.

यूडोरा

ता.क. डोंगरातून गंधकाचा वास येतो आहे. मिस्टर पिकरिंग म्हणतात, काही नाही. म्हणून काळजी वाटते.

*

कूलनाग्रे
१७ ऑक्टोबर १९९५

प्रिय यूडोराताई,

उत्तराला विलंब झाला. तुमच्या डोंगराने जुलैपासून धूर आणि राख टाकायला सुरुवात केली, हे रेडिओवर ऐकलं. माझ्या घरी राहणारी माझी बहीण डिम्फ्ना तर बातम्या लागल्या की हातातला तवा खाली ठेवते. तुम्ही दोघी सुखरूप असाल अशी आशा आहे.

आपल्या खुलाशाने मंडळाला आनंदयुक्त आश्चर्य वाटलं. तीन सभा झाल्या. एका सभासदाने विचारलं, "पण हे नातं नेमकं कोणत्या बाजूने?" मी म्हणालो, "नको त्या बाजूने," आणि विषय पुढे ढकलला. अखेर एकमताने ठरलं की आपल्याला 'उष्ण कटिबंध शाखा' म्हणून सहयोगी सभासदत्व द्यावं. यात मतदानाचा हक्क तेवढा नाही, बाकी सर्व आहे. म्हणजे मासिक पत्रिका आहे.

अध्यक्ष श्री. डेनिस यांनी तर फारच उत्साह दाखवला. त्यांची इच्छा आहे की उद्घाटनाला तुमच्या शाखेने रंगीबेरंगी पोशाखात ढोल वाजवत मिरवणुकीच्या पुढे चालावं. विमानाची तिकिटं ते स्वतः देणार आहेत. नेते आणि वक्ते मागून चालतील.

वेठीने आलेल्या पूर्वजाचा मजकूर मी कुळाच्या इतिहासात घेतला आहे. पुढचा, म्हणजे त्याने जे घेतलं तो, जागेअभावी राहिला.

आपला,
फिन्टन

*

सेंट जॉन्स, मॉन्ट्सेरातचा उत्तर भाग
२२ एप्रिल १९९६

श्री. फिन्टन,

पत्ता बदलला, तो वर लिहिला आहे. घर नाही, चर्चचं सभागृह आहे. प्लिमथ रिकामं करायला लावलं. यापूर्वीही दोनदा निघालो होतो आणि परत आलो होतो, या वेळी शिपाई म्हणाला, "मावशी, कुलूप लावा, पण किल्लीची काळजी करू नका." तेव्हाच समजले.

दुकानात मापाचे पुतळे उभे होते, त्यांच्यावर राख बसली होती. अर्धवट शिवलेला एक लग्नाचा झगा होता, तो गाठोड्यात घेतला. नवरी अँटिग्वाला निघून गेली. मशीनचं वरचं डोकं सोडवून मांडीवर धरून आणलं. आई इथे खाटेवर असते. दोन खाटांच्या मध्ये चादर टांगली आहे, ती आमची भिंत. राख तिच्या छातीत बसली आहे. डॉक्टर म्हणतात, तिला इथून हलवा. अँटिग्वात आमचं कुणी नाही, आणि लंडनच्या चुलतभावाच्या खोलीत तो स्वतःच मावत नाही.

तुम्ही लिहिलं होतं, ज्याचं नाव ओ'गारा, त्याची तिथली चूल पेटलेली. मी ते वाक्य तेव्हा थट्टेत घेतलं. आता विचारते आहे. मला ढोल वाजवता येत नाही, शिवता येतं. आई थोडं खाते आणि रात्री खोकते. आम्ही दोघी आलो तर चालेल का?

हो किंवा नाही, एवढंच लिहा.

यूडोरा

*

कूलनाग्रे
१३ मे १९९६

आदरणीय यूडोराबाई,

आपल्या विनंतीवर मंडळाने सहानुभूतिपूर्वक विचार केला. कळवण्यास खेद होतो की ब्रीदवाक्यातील 'चूल' हा शब्द आलंकारिक आहे. तीच गोष्ट 'पेटलेली' या शब्दाची. ते वाक्य आल्हाददायक भावना म्हणून रचलेलं असून त्यातून राहण्या-जेवण्याची जबाबदारी निर्माण होत नाही, असं आमच्यातल्या एका वकिलाचं मत पडलं.

शिवाय आपल्याला एकीला हो म्हटलं तर शेवटच्या अक्षरावर मात्रा असलेले आणखी किती निघतील, हाही प्रश्न सभेत आला.

तथापि मंडळाचं मन मोठं आहे. सोबत मदत म्हणून कुलचिन्ह छापलेले ताटं पुसायचे पंचे पाठवत आहोत. ते शुद्ध लिननचे आहेत. ढोलपथकाचं निमंत्रण अर्थातच कायम असून तिकिटं याच पाकिटात आहेत.

मंडळाकरिता,
फि. ओ'गारा, मानद चिटणीस

*

कूलनाग्रे
१९ मे १९९६

प्रिय यूडोरा,

मी डिम्फ्ना, फिन्टनची बहीण. तुझं एप्रिलचं पत्र त्याने मला दाखवलं नव्हतं. कोट धुवायला घेतला तेव्हा खिशात सापडलं, घड्या घालून घालून चिंधी झालेलं. एकदा वाचून ठेवलेल्या पत्राची अशी चिंधी होत नाही. म्हणजे बेटा ते रोज काढून वाचत होता आणि रोज परत खिशात घालत होता. एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. याहून जास्त त्याच्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

मी विचारलं, "काय उत्तर दिलंस?"
म्हणाला, "मंडळाने दिलं."
"मंडळाला हात आहेत का? लिहिलं कुणी?"
"डिम्फ्ना, तुला धोरणातलं कळत नाही. घरात कुणाला घ्यायचं म्हणजे..."
"कुणाच्या घरात?"

यावर तो टोपी घेऊन बाहेर निघून गेला. कारण घर माझं आहे. बाबांनी माझ्या नावावर केलं, मी त्यांचं नऊ वर्षं केलं म्हणून. फिन्टन इथे राहतो, आणि लोकांना सांगतो की मी त्याच्याकडे राहते. आजवर मी ते खपवून घेतलं, कारण खोटं बोलताना तो जरा ताठ चालतो आणि पाठीला बरं असतं.

तर मंडळ गेलं तळ्यात. या. पुढची खोली रिकामी आहे. तिथे काकडीवाल्याचं तैलचित्र लावायचं ठरत होतं. कोरडी आहे, खिडकीत उजेड चांगला आहे, मशीन तिथेच मांडता येईल. परवान्याच्या कागदांचं आमचे फादर बघतायत. त्यांना मी म्हटलं, येशूला गोठा तरी मिळाला होता. हल्ली ते माझ्या दारावरून जाताना सायकलवरून उतरतात.

आईला लोकरीचं काही आहे का? नसेल तर मापं कळव.

डिम्फ्ना

*

सेंट जॉन्स
५ जून १९९६

डिम्फ्ना,

तुझं पत्र मी चादरीच्या या बाजूने वाचलं आणि पलीकडच्या बाईने चादर बाजूला करून विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. आम्ही चाललो."

आईने एकच विचारलं, "ती भाऊ सांगतो म्हणून बोलावते, की भावाला न जुमानता?" मी म्हटलं, न जुमानता. "मग जाऊ या," म्हणाली.

काकडीवाल्यांची तिकिटं वापरतो आहोत. ढोलपथकात आम्ही दोघी. शेजारच्यांनी एक ढोल दिला आहे, म्हणजे अगदीच फसवणूक नको. पंचे सभागृहात वाटले. राख पुसायला फार उपयोगी पडले, तुमच्या कुलचिन्हातला सिंह आता ओळखू येत नाही.

आईची मापं मागे लिहिली आहेत. ती म्हणते, सैल ठेव, मी तिथे जाड होणार आहे.

यूडोरा

*

कूलनाग्रे
१० फेब्रुवारी १९९७

श्री. डेनिस ओ'गारा, शिकागो

आपलं २७ जानेवारीचं पत्र मिळालं. तीन गोष्टी विचारल्या आहेत, उत्तरं देतो.

पहिली, कुळाच्या इतिहासाची छपाई. मॉन्ट्सेरातचं प्रकरण वगळल्यास आपण खर्च उचलाल, असं लिहिलं आहे. ते प्रकरण वगळत नाही. त्याचं कारण सांगायला हवं. केझायाबाई इथे आल्यावर रोज संध्याकाळी चुलीपाशी माझ्यासमोर बसत. मी इतिहास वाचून दाखवायचो. गेल्या वीस वर्षांत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी ऐकला नव्हता. माझी बहीण दुसऱ्या पानाला भांडी घासायला उठते. केझायाबाईंनी सगळा ऐकला. राजे, गढी, सरदार, सगळं. आणि शेवटी म्हणाल्या, "छान लिहितोस रे. पण सगळे नुसते निघून गेलेच आहेत. पोचल्यावर कोण काय वागलं, ते कुठे आहे?" मी म्हणालो, जागा नव्हती. त्या म्हणाल्या, "मग राजे थोडे कमी कर."

दोन राजे कमी केले. तसेही ते संशयास्पद होते. फिबाचं पान आता त्या जागी आहे, आणि तिला विकत घेणाऱ्याचंही, नावानिशी. छपाई इथल्याच छापखान्यात साध्या कागदावर होईल.

दुसरी, कुलप्रमुखपदाचा मान राखला नाही, ही तक्रार. मेळाव्यात आपली निवड झाली, त्याबद्दल कुणाची हरकत नाही. मिरवणुकीत आपण केझायाबाईंना ढोल वाजवायला सांगितलं आणि त्यांनी तो आपल्या, म्हणजे अध्यक्षांच्याच, गळ्यात अडकवला, त्याबद्दल आपण 'लेखी दिलगिरी' मागता. मी त्यांना तेव्हाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मला खोकला आहे. आणि तो बरा वाजवत होता." दिलगिरी यापेक्षा जास्त मिळाली नाही, आणि आता मिळणारही नाही.

कारण तिसरी गोष्ट. कुळाच्या दफनभूमीत मठाच्या भिंतीलगत, उंचवट्यावरची जी जागा आपण ऑगस्टमध्ये स्वतःसाठी निवडली होती, ती 'सुस्थितीत आहे ना' असं विचारलं आहे. ती सुस्थितीत आहे, पण रिकामी नाही. केझायाबाई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेल्या. छाती पहिल्यापासूनच राखेने धरली होती. इथल्या थंडीने उरलेलं केलं. शेवटच्या दिवशी डिम्फ्ना त्यांचे पाय चोळत होती आणि त्या यूडोराला सांगत होत्या की काळ्या झग्याची कॉलर नीट बसलेली नाही, उसवून परत शीव.

मंडळाची सभा बोलावली. कुणी म्हणालं, ती जागा अध्यक्षांची. कुणी म्हणालं, नियमाप्रमाणे सहयोगी सभासदांना दफनभूमीत हक्क नाही. नियम मीच लिहिले होते, त्यामुळे ते किती पातळ आहेत हे मला ठाऊक होतं. मी चिटणीसपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला, वाटेत घरून कुदळ घेतली आणि गेलो. जमीन गोठलेली होती. मी आयुष्यभर लोकांच्या जमिनी विकल्या, खणली कधीच नव्हती. हातभर खणून होईतो माझा दम गेला. मग दोन शेजारी आले, मग दूधवाला, मग मंडळाचा वकील आला, तोच तो. अंधार पडायच्या आत खणून झालं.

यूडोरा पुढच्या खोलीत शिवते. वसंतात गावातल्या मुलींची पहिली कम्युनियन, म्हणजे पांढऱ्या झग्यात चर्चचा पहिला प्रसाद घ्यायचा विधी, आहे, त्यामुळे घरात पांढऱ्या कापडातून वाट काढावी लागते. आपलं तैलचित्र गोठ्याजवळ सुरक्षित आहे.

दगडावर 'ओ'गारो' असं कोरलं आहे. पाथरवटाने विचारलं, "साहेब, इथे मात्रा चुकून पडलीय का?" मी म्हणालो, नाही.

आपल्यासाठी खालच्या अंगाला, तळ्याकडे, जागा पुष्कळ आहे. हिवाळ्यात तिथे पाणी साठतं. पण शेजार सगळा आपलाच आहे.

फिन्टन ओ'गारा